घर आणि संसार : दोघांचे दोन दिवस

आपल्या एकत्र कुटुंबांतून प्रवास पुष्कळ होतो. परंतु तो बहुधा कार्यपरत्वे होतो. भाचीचे लग्न, पुतण्याची मुंज, कुलदैवताचे दर्शन, कोणाचे आजारपण, नाहीतर दिवाळीनंतर मुलांना घेऊन काढलेली एखादी सहल. या सर्व प्रवासांत पतिपत्नी बरोबर असतात खरी. पण एका डब्यात बसूनही ती एकमेकांच्या वाट्यास येत नाहीत. तो सामान मोजीत असतो, ती मुले मोजीत असते. लग्नास पंधरा-वीस वर्षे झालेल्या दांपत्यास विचारून पाहावे, की तुम्ही दोघांनीच मिळून शेवटचे गाव कोणते पाहिले; पुष्कळांचे उत्तर लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासापाशी येऊन थांबेल.

मधल्या वर्षांत त्यांचे बोलणे थांबलेले असते असे नाही. ती बोलतात, पण दुधाचे बिल, धाकट्याची परीक्षा, वडिलांची रक्तदाबाची गोळी आणि गच्चीतून गळणारे पाणी यांविषयी. अशा बोलण्यानेच संसार चालतो, यात संशय नाही. मात्र संसार चालविणारी ती दोन माणसे हळूहळू एकमेकांस परकी होत जातात, हेही तितकेच खरे. त्यातून पुरुषास नोकरीधंद्याच्या निमित्ताने चार शहरे पाहावयास मिळतात. त्याने मुंबई शंभर वेळा पाहिलेली असते. आणि त्याच्या पत्नीने ती मंगल कार्यालयाच्या खिडकीतून पाहिलेली असते. यास्तव या महिन्यात आम्ही एका अगदी व्यवहारी प्रश्नाचा विचार करणार आहोत : मध्यम प्राप्तीच्या घरातील दांपत्याने शनिवार-रविवार एखाद्या शहरी जाऊन यावयाचे, तर ते थोडक्या खर्चात आणि कोणाचे मन न दुखविता कसे साधावे?

या बेतावर घराघरांतून तीन आक्षेप निघतात. पैसा कोठून आणावा, हा पहिला. मुलांना व वडीलधाऱ्यांना मागे ठेवून दोघांनीच जाणे बरे दिसते काय, हा दुसरा. आणि त्या दोन दिवसांत घरचे काम कोणी करावे, हा तिसरा. आमच्या मते यांतला पहिला आक्षेप सर्वांत मोठ्याने बोलला जातो आणि तोच सर्वांत लहान आहे. तेव्हा त्याचाच निकाल आधी लावू.

स्वस्त प्रवासाचे पहिले सूत्र हे, की शहर जवळचे निवडावे, आणि त्या शहराचाही एकच भाग निवडावा. दोन दिवसांत सारे शहर पाहण्याचा हव्यास धरला की पैसा गाड्याघोड्यांत जातो, वेळ गर्दीत जातो आणि उरलेले त्राण एकमेकांवर चिडण्यात जाते. उदाहरणादाखल आम्ही पुण्याचे एक दांपत्य मुंबईस जाते असे धरतो. नाशिककरांस पंचवटी एक्स्प्रेस आहे. इतर गावच्या वाचकांनी आपापल्या जवळचे शहर घेऊन हाच हिशेब मांडावा.

पुण्याहून सकाळी सव्वासातच्या सुमारास सुटणारी दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली. ती आजही धावते आणि अद्याप तिला स्वतंत्र उपाहाराचा डबा आहे. दुसऱ्या वर्गाच्या बैठकीचे भाडे दरमाणशी शंभर-सव्वाशे रुपयांच्या घरात पडते. वातानुकूलित खुर्चीस साधारण तिप्पट-चौपट पैसे लागतात. थंडीच्या दिवसांत त्या वातानुकूलनाची काही गरज नाही, आणि घाटातील वारा उघड्या खिडकीतून फुकट मिळतो. मात्र आरक्षण आधीपासून करावे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. शनिवारी जाण्याची व रविवारी सायंकाळी येण्याची तिकिटे त्याच दिवशी एकदम घेऊन ठेवावी. तिकीट हाती असले म्हणजे बेत मोडण्याची निमित्तेही कमी होतात, हा अनुभव कोणत्याही गृहस्थास आहे.

ऋतू निवडताना मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम समजावा. पावसाळ्यात बोरघाट अतिशय सुंदर दिसतो. पण पुढे मुंबईत पायी हिंडावयाचे असल्याने तो मोह आवरावा. सामान एका पिशवीचे असावे. दोघांत मिळून एक पिशवी, आणि ती दोघांपैकी कोणासही उचलता आली पाहिजे, हा नियम फार उपयोगी पडतो.

उतरावयाचे दादरला. तेथे आधीच ठरवून ठेवलेल्या साध्या, स्वच्छ निवासात पिशवी टाकावी. खोली मिळण्याची व सोडण्याची वेळ, करासह एकूण रक्कम, आणि खोली मिळण्यापूर्वी सामान ठेवून घेतील की नाही, या तीन गोष्टी दूरध्वनीवरूनच विचारून घ्याव्या. दोघांची ओळखपत्रे बरोबर असावी. समुद्रदर्शनी खोलीचे पैसे देऊ नयेत. समुद्र दादरपासून फर्लांगांवर आहे आणि खोलीत आपण झोपण्यापुरतेच राहणार आहोत.

येथे एक नाजूक मुद्दा येतो. मुंबईत ज्यांचे कोणी नातेवाईक नाहीत असे घर विरळा. मग “आत्याबाईंकडे उतरलो तर खोलीचे पैसे वाचतील,” असा विचार सुचणे साहजिक आहे. तो करू नये असे आम्ही स्पष्ट सांगतो. आत्याबाईंकडे उतरले म्हणजे त्यांचा रविवार आपण घेतला, आपला त्यांनी घेतला, आणि सूनबाई पुन्हा एका स्वयंपाकघरात उभी राहिली. परंतु लपून जाणे त्याहून वाईट. आधीच एक दूरध्वनी करावा आणि सरळ सांगावे, “आत्या, या खेपेस आम्ही दोघेच हिंडायला येतो आहोत, तुमच्याकडे सवडीने सगळे मिळून येऊ.” हा दूरध्वनी घरातील वडीलधाऱ्यांनी केला तर फारच बरे; मग कोणाचा रुसवा उरत नाही.

आता पाहावयाचे काय? शनिवारी फोर्टचा भाग घ्यावा. दादरहून तेथे जाण्यास आता भुयारी मेट्रो आहे. आरे ते कफ परेड हा तिचा सगळा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी वर यावे आणि रस्त्यापलीकडे जाऊन त्या इमारतीकडे पाच मिनिटे नुसते पाहावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या स्थापत्यकाराने तिचा आराखडा केला. दहा वर्षे काम चालून १८८८ मध्ये ती पूर्ण झाली आणि २००४ मध्ये जागतिक वारशात गणली गेली. आपण सारे तिच्यातून गाडी पकडण्यासाठी धावलेलो असतो. तिच्या दगडातील मोर, माकडे, पाने-फुले पाहण्यास मान वर करावी लागते आणि मान वर करण्यास वेळ लागतो.

तेथून दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून सावलीने चालत दक्षिणेकडे जावे. डावीकडे वळून हॉर्निमन सर्कलपाशी १८३३ साली पूर्ण झालेला टाऊन हॉल लागतो. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय याच इमारतीत आहे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा या संस्थेशी दीर्घ संबंध होता. तिच्या रुंद पायऱ्यांवर बसण्यास कोणी पैसे घेत नाही. पुढे हुतात्मा चौकात १८६४ चे फ्लोरा फाउंटन व त्याशेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. आपल्या आईवडिलांच्या तोंडून त्या लढ्याच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांचे पाय तेथे आपोआप थांबतील.

दुपारचे ऊन टळावे म्हणून जेवणानंतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. १९०५ साली या वास्तूची कोनशिला बसली. पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाला आणि १९२२ मध्ये ती वस्तुसंग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली. येथे सर्व दालने पाहण्याचा नेम करू नये. एक दालन तिने निवडावे, एक त्याने; एवढ्याने दोन तास आनंदात जातात, आणि वीस वर्षांच्या सहवासानंतरही जोडीदाराने कोणते दालन निवडले याचे आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. जवळच १९५२ साली उघडलेले जहांगीर कलादालन आहे. तेथे प्रवेशास मूल्य नाही.

उन्हे उतरल्यावर राजाबाई मनोऱ्याच्या बाजूने ओव्हल मैदानाकडे जावे. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून हा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला आणि त्यास त्याच्या मातेचे नाव मिळाले. मैदानाच्या मधोमध उभे राहिले असता पूर्वेस एकोणिसाव्या शतकातील टोकदार कमानींच्या दगडी इमारती दिसतात, आणि पश्चिमेस समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर १९३० नंतरच्या काळात उठलेली गोलाईच्या सज्जांची घरे दिसतात. एका मैदानाच्या दोन काठांवर दोन युगे समोरासमोर उभी आहेत. २०१८ साली हा सर्व समूह जागतिक वारशात गेला. यास एक पैसाही खर्च नाही. तेथून दहा मिनिटांवर मरीन ड्राइव्ह. सूर्यास्तापासून पुढले दोन तास तेथील कठड्यासाठी राखून ठेवावे.

हे दोन तास या सर्व बेताचा गाभा होत. त्यांत कार्यक्रम काहीच ठेवू नये. घरचा दूरध्वनी रात्री नऊ वाजता एकदाच करावयाचा असे निघतानाच सांगून ठेवावे आणि तोवर मोबाईल पिशवीत राहू द्यावा. घरखर्च, मुलांचे गुण आणि भावबंदकी हे तीन विषय वर्ज्य समजावे. पहिली पंधरा मिनिटे पुष्कळांस बोलण्यास काही सुचणार नाही. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. विहिरीचा उपसा बराच काळ बंद असला म्हणजे पहिल्या दोन घागरी गढूळच येतात.

रात्री परतताना ज्यांस हौस असेल त्यांनी माटुंगा स्थानकाजवळच्या रामा नायक यांच्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगात केळीच्या पानावर जेवावे. १९४२ पासून चालत आलेली ही खाणावळ आहे. पान वाढून पुढ्यात येते आणि गृहिणीस उठावे लागत नाही, हे सुख पक्वान्नापेक्षा मोठे. ज्यांस नाटकाचे वेड असेल त्यांनी वस्तुसंग्रहालय पुढल्या खेपेस ठेवून दादर-माटुंग्याच्या नाट्यगृहांतील शनिवारचा रात्रीचा प्रयोग पाहावा. तिकिटांपुरती भर मात्र आधीच बाजूस काढावी.

रविवारी सकाळी लवकर निघावे; शहर त्या वेळी आळसावलेले असते. दादरहून लोकलने चर्नी रोड, आणि तेथून बसने वाळकेश्वरी बाणगंगेवर. शिलाहारांच्या काळापासूनचा हा तलाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून त्याचे पाणी गोडे आहे. घटकाभर पायऱ्यांवर बसून गिरगाव चौपाटीवर यावे. लोकमान्यांचा देह १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात पडला आणि अंत्यविधी या वाळूत झाला. त्यांचा पुतळा तेथे आहे. जवळच्या गावदेवी भागातील मणिभवनात १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधींचा मुंबईतील मुक्काम असे. त्यांची खोली जतन केलेली आहे व प्रवेशमूल्य नाही. मग गिरगावात शिरावे. थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष असा भरपेट फराळ तेथील मराठी उपाहारगृहांतून करावा. १८९३ साली ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ती चाळ आणि लाकडी जिन्या-सज्जांची खोताची वाडी ही दोन्ही पायी पाहण्याजोगी आहेत. तेथे माणसे राहतात, हे ध्यानात ठेवून हळू बोलावे आणि कोणाच्या दारात डोकावू नये.

घारापुरीची लेणी का वगळली, असे कोणी विचारील. ती अप्रतिम आहेत. परंतु लाँचने जाण्यासच सुमारे तास लागतो व तितकाच येण्यास, म्हणजे एक दिवस त्यांतच संपतो. ती स्वतंत्र खेपेस ठेवावी. आणखी एक सूचना : रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचे मार्ग काही तास बंद असतात, आदल्या दिवशी चौकशी करावी. परतताना गिरगावहून मेट्रोने दादर, तेथील बाजारात घरच्यांसाठी खाऊ, निवासातून पिशवी, आणि सायंकाळी सव्वापाचच्या पुढे दादरवर येणारी तीच दख्खनची राणी. रात्री साडेआठच्या सुमारास पुणे.

आता हिशेब. रेल्वेची चार तिकिटे ५०० रुपये. एका रात्रीची खोली २,५०० पर्यंत, त्यावर जाऊ नये. दोन दिवसांचे खाणे-पिणे १,५००. मेट्रो, लोकल, बस व अडलीच तर एखादी टॅक्सी मिळून ३००. वस्तुसंग्रहालय व किरकोळ ४००. घरी नेण्याचा खाऊ ३००. आणि राखीव ५००. एकूण ६,००० रुपये. यांतील राखीव रक्कम न मोडता परत आणल्यास ती पुढल्या खेपेच्या डब्यात टाकावी.

सहा हजार ही रक्कम एकदम काढावयाची म्हटली तर जड वाटते. परंतु आई-वडील व दोन विवाहित मुलगे असे घर असेल, तर घरात तीन दांपत्ये झाली. सर्वांनी मिळून दरमहा १,५०० रुपये बाजूस ठेवले, तर दर चार महिन्यांनी ६,००० होतात आणि वर्षातून प्रत्येक जोडीची एक पाळी येते. वर्गणी सारखी न घेता मिळकतीच्या मानाने घ्यावी; पाळी मात्र सर्वांस सारखी द्यावी. घरात एकटी आत्या किंवा काकू असेल, तर तिची चौथी पाळी धरावी आणि सोबत तिच्या आवडीची द्यावी. मग दरमहा २,००० लागतील व पाळी दर तीन महिन्यांनी येईल. नवी दिनदर्शिका भिंतीवर लागते, तेव्हाच गणपती, पितृपक्ष, परीक्षा वगळून या पाळ्या तीवर लिहून टाकाव्या.

या एका लिहिण्याने राहिलेले दोन्ही आक्षेप बहुतांशी मिटतात. पाळी लिहिलेली असली म्हणजे सुनेस परवानगी मागण्याचा संकोच पडत नाही आणि सासूस ती देण्याचे वा नाकारण्याचे ओझे राहत नाही. मोठी जाऊ गेली असता धाकटी स्वयंपाक पाहते, मुलांचे डबे भरते. चार महिन्यांनी मोठी तेच करते. ज्या घरात दिराने त्या दोन दिवसांत कणीक मळावयास घेतली, त्या घराचे तर दुप्पट कल्याण झाले. अडचण येऊन कोणाची पाळी हुकली, तर ती पुढे सरकवावी, बुडवू नये. आणि परत आल्यावर “काय काय आणलेत?” याऐवजी “काय काय पाहिलेत?” असे विचारण्याची चाल पाडावी.

एवढे सांगून शेवटी एकच आग्रह धरतो. पहिली पाळी घरातल्या वडील जोडीची असावी. सासरे साठी-पासष्टीचे, सासूबाई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. त्यांनी काशी-रामेश्वर केले असेल, पण तेही यात्रेकरूंच्या मेळ्यात. आयुष्यभर साऱ्या घरास वाढून झाल्यावर मागाहून जेवणाऱ्या स्त्रीने आपल्या यजमानांसमोर बसून केळीच्या पानावर गरम अन्न खावे, असा प्रसंग तिच्या वाट्यास किती वेळा आला असेल? त्या “आता आमचे काय राहिले आहे, तुम्ही जा,” असे म्हणतीलच. ते ऐकू नये. त्यांची तिकिटे काढून हाती द्यावी, चालणे निम्मे करावे, जिने टाळावे, पण मरीन ड्राइव्हचे दोन तास कमी करू नयेत. घरातील वडील एकदा जाऊन आले, की “दोघांनीच जाणे बरे दिसते काय?” हा प्रश्न त्या घरात पुन्हा कोणी विचारीत नाही, आणि आठ दिवसांनी सासूबाईच धाकट्या सुनेस सांगतात, की मुली, मनोऱ्याकडून मैदानात जाल तेव्हा ऊन पाठीशी घेऊ नका, संध्याकाळपर्यंत थांबा.